वाटमोकळी माय आणि नारळाची टोपली

दुपारचे सव्वातीन वाजले होते. पहिली पाळी सुटलेली. सालवडच्या पुढच्या वळणावर बोईसरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. कंपन्यांच्या बस, टँकर, रिक्षा, टेम्पो, मधल्या फटीत घुसलेल्या मोटारसायकली. कोणी पुढं सरकत नव्हतं. हॉर्न मात्र सगळ्यांचे चालू.

वळणावर, ओढ्यावरच्या अरुंद मोरीला लागून, पत्र्याचं एक देऊळ होतं. वाटमोकळी माय. दोन वर्षांपूर्वी तिथं फक्त एक दगड होता. त्या देवळाच्या ओट्यावर वाटनाथ महाराज उभे राहिले. त्यांनी हात वर केला आणि शंख फुंकला.

"माय रस्त्यावर उतरली!" महाराज ओरडले. "आता कोणी थांबायचं नाय! मायच्या वाटेत गाडी उभी केली, त्याचं इंजिन बसलं म्हणून समजा! चला, चला, चलते रहो!"

आणि रांग हलली. आधी एक बस, मग दोन टँकर, मग सगळंच. दहा मिनिटांत रस्ता मोकळा. लोकांनी खिडक्यांतून हात जोडले. कोणी मोबाईलवर चित्रण केलं. एक कामगार शेजारच्याला म्हणाला, "देखा? रोज का चमत्कार है."

रस्त्यापलीकडे करंजाच्या झाडाखाली कमलाकांत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. त्यानं वर पाहिलं नाही. तो रेघा मारत होता. चार उभ्या, पाचवी आडवी.

रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरवण्यासाठी गाड्यांची मोजणी चालू होती. रूपल मॅडम त्या कामावरच्या इंजिनीअर. दर पंधरा मिनिटांना नवा कागद घ्यायचा. बसची ओळ वेगळी, ट्रकची वेगळी, रिक्षाची वेगळी, दुचाकीची वेगळी, उरलेल्या 'इतर' मध्ये. शेवटी एक रकाना 'थांबलेली वाहने', म्हणजे आपणहून थांबलेली, आणि एक 'शेरा'. कमलाकांत तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता. बायको पुष्पलता गेल्यावर त्यानं बोट भावाकडे दिली. हे काम बरं होतं. हात हलत राहायचा आणि डोक्याला काही लागायचं नाही.

पुष्पलता याच रस्त्यावर गेली होती. पाच महिने झाले. सकाळपासून छातीत दुखत होतं, दुपारी अॅम्ब्युलन्स आली. किनाऱ्यापासून इथपर्यंत ठीक आले. मग रांग. बावीस मिनिटं गाडी जेमतेम सरकली. तेवढ्यात मायचा एक सेवेकरी खिडकीशी आला. "नारळ कबूल करा, वाट सुटेल." कमलाकांत त्याच्यावर खेकसला, "बाजूला हो!" थोड्या वेळानं शंख वाजला, वाट सुटली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली.

मुलगी दीपाली सोबत होती. तिनं बापाला त्याबद्दल एकदाच सुनावलं. "बाबा, एक नारळ बोलला असता तर आय वाचली असती." त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेही सोडलं. महाराजांनी तिला अकरा महिन्यांची सेवा सांगितली होती. म्हणजे आईच्या जिवाला पुढची वाट मोकळी मिळेल. रोज दुपारी ती ओट्याखाली, रस्त्याच्या कडेला, नारळाची टोपली घेऊन उभी राहायची. गाड्या थांबायच्या, ड्रायव्हर नारळ टाकायचे, ती कपाळाला कुंकू लावायची, गाडी पुढं जायची. बाप समोर झाडाखाली. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत.

तिचं म्हणणं खोटं आहे असंही कमलाकांतला वाटत नव्हतं. त्याला काहीच वाटत नव्हतं. कदाचित त्यानंच पुष्पलताला मारलं असेल. नारळ तर साधा होता.

मोजणीच्या पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, रांग आपोआप सुटायची वेळ महाराजाला माहीत आहे. खाडीच्या तोंडावर बोटी पाण्याची वाट बघत उभ्या असतात. भरती आली की सुटतात. भरतीच्या वेळी कोणी शंख फुंकला, तर शंखानं भरती आली असं कोणी म्हणत नाही. इथं कोणाला भरतीची वेळ माहीत नव्हती, एवढंच.

मग एका बुधवारी देऊळ बंद होतं. महाराज लग्नाला गेले होते. दीपालीही घरी. तीन वाजले, पाळी सुटली, बस आल्या. कमलाकांतनं रेघा मारल्या. पंधरा मिनिटांत एकशे अठ्ठ्याऐंशी गाड्या गेल्या. 'थांबलेली' च्या रकान्यात काहीच नाही. रांग लागली नाही. शंख वाजला नाही.

त्यानं मागचे कागद काढले. सोमवार, त्याच वेळेला अठ्ठ्याण्णव गाड्या. थांबलेल्या एकतीस. मंगळवार, एकशे दोन. थांबलेल्या एकोणतीस. शंखानंतरचा कागद बघितला. दोनशेच्या वर गाड्या, थांबलेली एकही नाही.

त्यानं ते कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा बघितले. तेवढ्यात दोन रिक्षा मोजायच्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रूपल मॅडम कागद न्यायला आल्या. त्यांनी ते बघितले, पुन्हा बघितले.

"काका, मोरीवर एकच गाडी निघते. एकानं अर्धं मिनिट नारळ दिला की मागं सगळे अडकतात. एकतीस गाड्या, म्हणजे पंधरा मिनिटं तिथंच गेली. बाकी निघाल्या त्या फटीतून घुसलेल्या दुचाकी."

"मग सुटते कशी?"

"शंख झाला की माय रस्त्यावर असते. कोणी थांबायचं नाही. म्हणजे नारळ बंद."

"हां," कमलाकांत म्हणाला. "पुढचा नारळ देऊन निघून जातो. मागच्याला पुढचं दिसत नाय. त्याला फक्त शंख ऐकू येतो."

"मी हे रिपोर्टमध्ये लिहीन. पण तुमच्या लोकांना कोण सांगणार?"

कमलाकांतनं पुठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि रस्ता ओलांडला. रांग लागलेलीच होती. महाराज ओट्यावर चढले होते, शंख हातात.

"महाराज," तो म्हणाला, "आज एक करा. शंख फुंका. पण टोपली बाहेर राहू द्या. नारळ घेणं चालू ठेवा."

"मायची परीक्षा घेतोस?"

"परीक्षा कसली? मायला वाट मोकळी करायची हाय. तिला टोपलीची काय अडचण?"

एका कंपनीच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "फुंका ना महाराज! शंखाला डिझेल लागतं का?"

लोक हसले. रांगेतले काही उतरून पुढं आले. देवळाशेजारी नारळ विकणारी बायडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कमळाकाका, माझ्या पोटावर का उठलात?"

"तुझे नारळ तिकडं नाक्यावर वीक, बायडे. खपतील."

लोक बघत होते. महाराजांना फुंकावंच लागलं. एकदा फुंकला. टेम्पो थांबला, नारळ पडला, टेम्पो गेला. टँकर थांबला. दुसऱ्यांदा फुंकला. रिक्षा थांबली. तिसऱ्यांदा फुंकताना महाराजांना खोकला आला. रांग होती तिथंच होती.

"गर्दीत कोणीतरी विटाळलेलं हाय!" महाराज म्हणाले. "माय रुसली!"

"रुसली कशाची!" बायडी एकदम बोलून गेली. "रांगेचं शेपूट पेट्रोल पंपापर्यंत गेलं की तिथं उभा केलेला तुमचा पोरगा फोन करतो, मग तुमी मला डोळा मारता, मग आमी नारळ आत घेतो. आज घेतला नाय, तर कशी सुटेल?"

कोणी हसलं नाही.

"आता शंख खाली ठेवा," कमलाकांत म्हणाला. मग तो मुलीकडे वळला. बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे बघत होता. ती वाळली होती. "दीपू, टोपली आत घे."

दीपाली जागची हलली नाही. तिच्या हाताला कुंकू लागलं होतं.

"बाबा, त्या दिवशी..." ती म्हणाली. "त्या दिवशी टोपली बाहेर होती?"

खोटं बोलता आलं असतं.

"होती," तो म्हणाला. "वाट सुटली तेव्हा दुसरं कोणीतरी ती आत नेताना मी बघितलं."

तिनं टोपली उचलली. जड होती. कोणी हात लावायला आलं नाही. तिनं ती ओढत ओट्यामागं नेली आणि रिकाम्या हातांनी परत येऊन कडेला उभी राहिली. पुढचा ट्रक सवयीनं हळू झाला. तिनं हात हलवला, जा. ट्रक गेला. बस गेली. मग सगळ्याच गेल्या. नऊ मिनिटांत रस्ता मोकळा झाला. शंख ओट्यावर आडवा पडला होता.

महाराज त्या संध्याकाळीच गाव सोडून गेले. देऊळ आहे. अजूनही एखादा ड्रायव्हर हळू होतो, खिडकीतून नारळ फेकतो आणि पुढं जातो. एक तर मोरीत पडून फुटला. सवय एका दिवसात जात नाही.

दुसऱ्या दिवशी दीपाली झाडाखाली आली. शेजारी दुसरी खुर्ची नव्हती म्हणून दगडावर बसली. तिनं कॉलेजला फोन केला होता. वर्ष वाया जाईल, पण परत घेतो म्हणाले. तिनं त्याच्याकडून एक कागद घेतला. रिक्षा तिनं मोजायच्या, बाकीच्या त्यानं, असं ठरलं.

साडेतीनच्या सुमाराला किनाऱ्याकडून अॅम्ब्युलन्स आली. गाड्या बाजूला झाल्या. ती मोरीवरून गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

"हिचा रकाना कुठला?" दीपालीनं विचारलं.

"इतर."

तिनं रेघ मारली. "किती वेळ लागला?"

"अर्धं मिनिट."

पंधरा मिनिटं संपली तेव्हा कमलाकांतनं कागद पूर्ण केला. 'शेरा' मध्ये आजवर त्यानं काही लिहिलं नव्हतं. आज त्यानं पेन्सिलीनं, जागा पुरेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं:

"मोरी अरुंद आहे, रुंद करावी. रांग नारळाच्या टोपलीमुळे लागत होती. कोणी चमत्कार दाखवला तर तो नसताना काय होतं ते लोकांनी एकदा बघावं. त्याला एक दुपार पुरते. आम्ही पाच महिने उशिरा बघितलं."