लखनच्या छातीवरचं लेकरू

सायरा पहिल्यांदा लखनच्या घरी गेली, तेव्हा त्याच्या आईनं, साखराबाईनं, तिला दारातच अडवलं.

"आमाला कुनाची मदत नगं. मेंढरं राखनारी मानसं आमी. पोरं कशी वाढवायची ते मला ठावं हाय."

"शिकवाया न्हाई आले, मावशी," सायरा म्हणाली. "बाळुती कुठं हायेत तेवढं दाखवा. धुवून टाकते."

सायरा ही सिरसाळ्यात फळांची गाडी लावणाऱ्या चाँदची बायको. तिची लेक मेहेक झाली, तेव्हा सासर-माहेरचं कुणीच जवळ नव्हतं. त्या दिवसांतलं एकटेपण तिच्या मनातून पुरतं गेलंच नाही. म्हणून लहान लेकरं असलेल्या अडल्या घरी जाऊन हात द्यायचा, असा गट गावातल्या बायकांनी काढला, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली. यात पगार नव्हता, मानधन नव्हतं. घरचं आवरायचं आणि ज्या घरी गरज असेल तिथं जाऊन बसायचं.

साखराबाईनं बाळुत्यांचा ढीग पुढं टाकला, तो तिला पळवून लावायलाच. सायरानं पदर खोचला आणि हौदावर जाऊन बसली.

आत लखनची बायको मोहिनी भिंतीला टेकून होती. जुळी झालेली, तीही दिवस भरायच्या आत. मुलगा अन् मुलगी, दोन्ही मूठभर. लेकरांना उघड्या छातीशी धरून ठेवा, आईच्या अंगाची ऊबच त्यांचं औषध, असं दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं. मोहिनी रात्रंदिवस तेच करत होती. आता तिचं जेवण सुटलं होतं, बोलणंही सुटलं होतं.

सायरा येत राहिली. भांडी घासायची, मोहिनीच्या डोक्याला तेल लावायची, गुमान बसून राहायची. एका दुपारी मोहिनीच बोलली.

"भाभी, एकाला घेतलं की दुसरं गार पडतंय. मी कुनाला निवडू?"

सायरानं तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात लखन रानातून आला. नुकतंच जन्मलेलं एक कोकरू त्यानं बंडीच्या आत, छातीशी धरलं होतं. सायरा त्याच्याकडं बघतच राहिली.

"लखनभाऊ, त्याला आत कावून घेतलंय?"

"ऊब लागती. थंडीत भाईर ठिवलं तर मरंल की."

"मग तुमची पोरगी तिकडं गार पडलीय. तिलाबी घ्या की असंच."

लखन वरमला. "गडी मानसानं पोर छातीला बांधायचं? लोक काय म्हनतील, भाभी?"

मग कोपऱ्यातून साखराबाई उठली. पेटीतलं मऊ झालेलं जुनं लुगडं काढून तिनं लेकापुढं धरलं.

"बंडी काड," ती म्हणाली. "अन् हात धुवून ये."

सायरानं लुगडं कसं बांधायचं ते दाखवलं. आधी लखन श्वास रोखून बसला. हळूहळू पोरीची कुरकुर थांबली आणि ती बापाच्या छातीवर गाल टेकून निजली. लखनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायलाही त्यानं हात हलवला नाही. मोहिनी मुलाला पोटाशी घेऊन आडवी झाली आणि किती दिवसांनी गाढ झोपली. त्या दिवशी साखराबाईनं पहिल्यांदाच सायरापुढं चहाची कपबशी ठेवली.

काही आठवड्यांनी बाजाराचा दिवस होता. सायरा चाँदच्या गाडीवर सीताफळं लावत होती. समोरून पोरीचं वजन करायला दवाखान्यात निघालेला लखन आला. पोरगी छातीशी बांधलेली, वरून घोंगडं. शेजारी मोहिनी, मुलाला घेऊन, ताठ चालत. चहाच्या टपरीवर बसलेला गावातला बंकट ओरडला, "काय बे लखन, बाई झालास काय?"

टपरीवरची माणसं हसली. सायराचा हात थांबला. लखन मात्र सरळ टपरीवर गेला आणि घोंगडं बाजूला करून त्यानं पोरगी बंकटला दाखवली. गाल भरलेले, डोळे टक्क उघडे.

"बाप झालोय," तो म्हणाला. "बग, कशी हाय माजी लेक."

बंकटनं ग्लास खाली ठेवला. "लई ग्वाड हाय गड्या," तो पुटपुटला आणि बोटानं तिच्या टोपीची कड नीट केली.

ही गोष्ट बाजारभर झाली. पुढच्याच आठवड्यात गॅरेजवाला अबरार लखनचं घर शोधत आला. त्याचीही मुलगी कमी दिवसांची, आणि बायको उज्मा तापानं फणफणलेली. लखन लगेच निघाला. जाताना त्यानं सायरालाही बोलावून घेतलं.

अबरारच्या घरी त्यानं स्वतःच ओढणी बांधून दाखवली. "पाय बेडकावानी दुमडायचे. मान एका बाजूला, नाक मोकळं पायजे. अन् भिऊ नका. आदी मीबी लई भ्यालतो."

सायरा उंबऱ्यात उभी होती. तिला तिथं करायला काहीच उरलं नव्हतं.

घरी आल्यावर चाँदनं विचारलं, "आज काय केलंस तितं?"

"काईच न्हाई," सायरा म्हणाली, आणि तिची मान आपोआप ताठ झाली. "लखनभाऊनंच केलं सगळं."