धाकट्याने दिलेलं रक्त

गोदीतल्या क्रेनवाल्याचा साऱ्या जगावर भरवसा होता, फक्त स्वतःच्या रक्तावर नव्हता. आणि का असावा? वर्षानुवर्षं त्याने इतकी ढोसली होती की घरचा रस्ता त्याला नव्हे, रस्त्यालाच तो पाठ झाला होता. मग एका दुपारी केबिनमध्ये त्याचा हात चुकला आणि भरलेला कंटेनर झोके घेत खालच्या मुकादमाच्या हेल्मेटला चाटून गेला. मुकादम वाचला. क्रेनवाल्याने मात्र त्या दिवसापासून बाटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. कंपनीने त्याला खाली उतरवून गोदामात खोक्यांवर पट्ट्या चिकटवायला बसवलं आणि अट घातली. सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. साफ निघालं तर पुन्हा वर, नाहीतर परवाना कायमचा रद्द.

कंपनीच्या डॉक्टरबाईंनी त्याला ही तपासणी नीट समजावून सांगितली होती. ही काही तोंडाचा वास घेणारी नळी नव्हे, काल प्यायलात की नाही ते विचारतच नाही. आठवडेच्या आठवडे रोज भरपूर पिणाऱ्याच्या रक्तातलं एक प्रथिन बदलतं, ते यात दिसतं. पिणं थांबवलं की काही आठवड्यांत ते पूर्ववत होतं. पण शेवटचं वाक्य हा गृहस्थ ऐकतोय कुठे? ‘रक्तात दिसतं’ एवढंच त्याच्या कानात शिरलं आणि त्याचं धाबं दणाणलं. सदऱ्यावरचा तेलाचा डाग वर्षभर जात नाही, मग अंगात मुरलेली दारू सहा महिन्यांत कशी जाईल, असा त्याचा सरळ हिशोब. पुन्हा विचारायला जावं तर भीती कबूल करावी लागणार, म्हणून तो गेला नाही. कुणाच्या अकलेचे असे दिवे पाजळलेले पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

आणि घरात तर चोख रक्ताचा माणूस होताच. त्याचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायचा, नाकासमोर चालायचा, चढ्या आवाजात बोलायचा नाही. सगळे त्याला संत म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. वरच्या खोलीत राहायचा आणि दादाचा संसार ओढायचा. दादाला रस्त्यावरून उचलून आणणं, अंघोळ घालणं, पुतणीच्या शाळेत पालक म्हणून जाऊन बसणं, वहिनीच्या आजारपणात भात लावणं, सगळं त्याने केलं आणि त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. दोघांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर, तोंडवळा एकाच साच्यातला. ओळखपत्रावरच्या जुन्या फोटोत तर दादापेक्षा तोच जास्त शोभायचा.

तेव्हा तपासणीला आठवडा उरला असताना क्रेनवाल्याने त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि खालच्या आवाजात गळ घातली, की माझ्या नावाने तू जाऊन रक्त दे. संताने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. दादाला वाटलं, खोटेपणा याच्या जिवावर आला असणार. मग त्याने कुठला वार ते विचारलं आणि ‘बरं’ म्हणाला.

ठरल्या दिवशी धाकटा थोरल्याचं जाकीट घालून दवाखान्यात गेला. नर्सने कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं, सुई टोचली. क्रेनवाला समोरच्या कट्ट्यावर बसून होता. भाऊ बाहेर आला तेव्हा घामाने डबडबला होता आणि दंडावरचा कापूस त्याला धड धरता येत नव्हता. सुईला घाबरला बिचारा, असं म्हणून दादाने त्याला चहा पाजला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी क्रेनवाल्याला समोर बसवलं. त्यांचा चेहरा पडलेला होता. तुम्ही अजून पिता, त्या म्हणाल्या, आणि थोडीथोडकी नाही, रोज. नमुना त्यांनी दोनदा तपासून घेतला होता, कारण हा माणूस सुटावा असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. पण प्रथिन वाढलेलं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुगलेल्या, यकृताचा आकडा वर. एखादी खूण फसवी निघते; तिन्ही एकच सांगत असतील तर काय करायचं? संध्याकाळी त्यांना सही करून कागद वर पाठवावा लागणार होता.

‘थेंब नाही घेतला’ हे शब्द क्रेनवाल्याच्या ओठांवर आले आणि तिथेच थिजले. रक्त त्याचं नव्हतंच. ते संताचं होतं.

वरच्या खोलीची जेवणानंतर लागणारी कडी त्याला आठवली. संताचं ते कायमचं पित्त, खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या. घरातला पिणारा म्हणून सगळ्यांच्या नजरा वर्षानुवर्षं क्रेनवाल्यावरच खिळलेल्या. दुसऱ्याकडे बघायला वेळ होता कुणाला? आता गप्प बसलं तर भावाची अब्रू राहत होती आणि क्रेन जात होती. बोललं तर दोघांचंही चव्हाट्यावर येणार. त्याने संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली आणि तो तडक चष्म्याच्या दुकानात गेला.

दादाचा चेहरा बघताच संताने घासायचं यंत्र बंद केलं. दोघं मागच्या बोळात जाऊन उभे राहिले.

“किती वर्षं?” दादाने विचारलं.

“बाबा गेल्यापासून. तू सुरू केलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांनी.” तो खाली बघत होता. “तू सांगितलंस त्या दिवसापासून नाही घेतली, दादा. आठवडाभर. वाटलं, तेवढ्यात निघून जाईल.”

“नाही म्हणायचं होतंस.”

“कारण विचारलं असतंस ना.”

आठवडाभर. बाकी कुणाला हा शब्द साधा वाटला असता. क्रेनवाल्याला तो आठवडा पाठ होता. रात्रभर भिजणारं अंथरूण, भिंतीवर सरपटणारं काहीबाही, हातातून निसटणारा पेला. त्याने ते भोगलं तेव्हा हाच भाऊ उशाशी बसला होता. याने मात्र कडी लावून एकट्याने भोगलं, दिवसा उठून लोकांच्या काचा घासल्या, आणि तेही दादाला पुन्हा केबिनमध्ये बसता यावं म्हणून. क्रेनवाल्याला रडू फुटलं. रागवायचं ठरवून आला होता, ते राहूनच गेलं. एवढी माया आपल्या वाट्याला आली आणि आपण तिला सुईची भीती समजलो, याची त्याला लाज वाटली.

संताने गळ्यातला कामाचा एप्रन काढला. “चल,” तो म्हणाला. “बाईंना मीच सांगतो.”

डॉक्टरबाईंनी दोघांची अशी खरडपट्टी काढली की बाहेरच्या बाकावरचे पेशंटही सरळ बसले. फसवणुकीचं त्या वर कळवणारच होत्या, आणि कळवलंही. असं एकदम बंद केल्याने फिट येऊन जीव जाऊ शकतो, हे त्यांनी संताला ऐकवलं, तेव्हा दादाने त्याचं मनगट घट्ट धरलं. मग बाईंनी स्वतः उठून, चेहरा आणि कार्ड ताडून, क्रेनवाल्याचं रक्त घेतलं. संताला त्यांनी तिथेच तपासणीच्या टेबलावर आडवं केलं.

क्रेनवाल्याचं रक्त साफ निघालं. अगदी लख्ख. कंपनीने लबाडीची शिक्षा म्हणून त्याला आणखी काही महिने पट्ट्या चिकटवायला लावलं, पण परवाना फाडला नाही. संताच्या औषधाच्या दर फेरीला दादा बरोबर जायचा, आणि वरच्या खोलीच्या दाराची कडी त्याने स्वतः पेचकसाने काढून टाकली. वहिनी एवढंच म्हणाली, की आता घरात संत एकही नाही, जरा मोकळं वाटतं.

एकदा अशाच फेरीला डॉक्टरबाईंनी क्रेनवाल्याला टोमणा मारला. “तुमचं रक्त केव्हाच शुद्ध झालं होतं. माझं पूर्ण ऐकलं असतंत तर भावाला पाठवायची वेळच आली नसती. त्या दिवशी सरळ वर चढला असतात.”

क्रेनवाल्याने आत पाहिलं. संत बाही वर करून नर्सपुढे बसला होता, आणि या वेळी कार्ड त्याच्या स्वतःच्या नावाचं होतं.

“तुमचे उपकार आहेत बाई, पण ऐकलं नाही तेच बरं झालं,” तो म्हणाला. “मी वर चढलो असतो, आणि हा कडी लावून मेला असता.”