पंखा झोपला, खिडकी झोपली

"खिडकी आधी झोपवली ताईंनी," मावशी स्वतःशीच पुटपुटल्या आणि हातातली वाटी पुन्हा एकदा विसळली. वाटी मघाशीच स्वच्छ झाली होती. पण बंद दाराआड लेकरू टाहो फोडत असताना नुसतं उभं राहणं जमत नाही, हाताला काहीतरी चाळा लागतो.

आधी पंखा, मग खिडकी, मग बूट, मग अस्वल. या घरात संध्याकाळी सातला वस्तूंना झोपवायचा क्रम असा होता. "पंखा झोपला, खिडकी झोपली" असं हळू आवाजात म्हणत खोलीभर फिरायचं आणि सगळ्यात शेवटी बबडीचा नंबर. सव्वा वर्षाच्या माणसाला रोज तेच, त्याच वेळी, त्याच आवाजात लागतं. मोठ्यांना रोज काहीतरी नवं हवं असतं आणि लहानांना त्याच नव्याची धास्ती वाटते, असं मावशींचं बावीस वर्षांचं मत होतं.

बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या, लोकांच्या मुलांना झोपेचं वळण लावायचं. संध्याकाळी यायचं. कोमट पाण्याची अंघोळ, मऊ जेवण, ओढलेले पडदे, मंद दिवा, गुणगुणणं. आईबाप कामावरून परतले की निघायचं. मूल वळणावर आलं की पुढचं घर. अशी एकतीस घरं झाली होती आणि त्यांतल्या एकाही मुलाला मावशी आठवत नव्हत्या. आठवू नयेत, यातच त्यांच्या कामाचं यश होतं. एकदा दुकानात एक सहा वर्षांची मुलगी दिसली. तिला त्यांनी वर्षभर मांडीवर निजवलं होतं. ती आईच्या मागे लपली. "अगं, लाजतेस काय?" आई म्हणाली. पोर लाजत नव्हती, तिने ओळखलंच नव्हतं. त्या दिवशी मावशी साखर न घेताच घरी आल्या. घरी तरी साखर कमी पडली म्हणून कुरकुरणारं कोण होतं?

दार उघडलं. बबडीची आई बाहेर आली. तिच्या कडेवर बबडी लालबुंद होऊन ताठ झाली होती. मावशी दिसताच तिने दोन्ही हात पुढे टाकले आणि आईच्या कडेवरून जवळजवळ उडीच मारली. मावशींनी तिला झेलली. पोरीने त्यांच्या खांद्यावरच्या शालीत नाक खुपसलं. दोन हुंदके, एक लांब श्वास, की घरात सामसूम.

आई बघत उभी राहिली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. बबडी पाच महिन्यांची असल्यापासून तिला संध्याकाळची ड्यूटी होती. सहा महिने साहेबांच्या मागे लागून तिने सकाळची ड्यूटी मिळवली होती, ती केवळ लेकीला स्वतः झोपवता यावं म्हणून. बाबा लांबच्या गावी नोकरीला होते, सुट्टीला यायचे. आजचा तिसरा दिवस होता आणि तिन्ही दिवस हेच.

"सगळं तुमच्या कागदाप्रमाणे केलं मी," ती म्हणाली. फ्रिजवर मावशींनी लिहून दिलेला कागद चिकटवलेला होता. "पाणीसुद्धा कोपर बुडवून बघितलं."

"खिडकी आधी झोपवलीत."

"मावशी, खिडकीमुळे एवढं रडतं का कोणी?" ती खुर्चीत बसली. "तिला मी नकोय हो. माझ्याजवळ आली की अंग चोरते. मी हाडांचे फोटो काढते दिवसभर, आखडलेलं अंग कळतं मला."

"असं बोलू नका, ताई."

"नाही, खरंच. मी ठरवलंय. परत संध्याकाळची ड्यूटी मागून घेते. तुम्हीच राहा. ती शाळेत जायला लागेपर्यंत राहा, पुढेही राहा. तुमचीच आहे ती, तर तुम्हीच सांभाळा."

एकतीस घरांत हे कोणी म्हणालं नव्हतं. खांद्यावर बबडीचा श्वास लागत होता. नुसती मान हलवायची होती. उद्या संध्याकाळी यायचं, परवा यायचं, आणि दुकानात दिसली की पोरगी धावत येईल.

समोर तिची आई हाताच्या तळव्यांनी डोळे दाबून बसली होती.

"ताई," मावशी म्हणाल्या, "कागदावर एक गोष्ट लिहायची राहिलीय."

"कोणती?"

"मी आल्या आल्या तुमचा वापरलेला गाऊन मागितला होता. न धुतलेला. आठवतंय?"

"हो. मला हसू आलं होतं."

"प्रत्येक घरी मागते. तो खांद्यावर टाकून निजवायचं. मूल नाक खुपसतं तिथं आईचा वास पाहिजे. मांडी कुणाचीही असू दे. म्हणजे मग मी गेले, तरी त्याचं काही अडत नाही."

"मग?"

"एक दिवस तो धुवायला पडला होता. मी माझी शाल घेतली. सात मिनिटांत झोपली. दुसऱ्या दिवशी गाऊन दाराला टांगलेला होता." मावशींनी बबडीला जरा वर घेतलं. "मी घेतला नाही."

"विसरलात?"

"नाही."

आईने डोळ्यांवरचे हात काढले.

"बरं वाटलं हो मला. कुणीतरी वासावरनं ओळखतंय म्हणून. आज घेऊ, उद्या घेऊ म्हणत राहिले."

"किती दिवस झाले याला?"

"चार महिने."

"चार महिने!" आवाज चढला तशी बबडी दचकली. आईने तो खाली आणला. "आणि मी बसमध्ये रोज विचार करत होते, आपलं काय चुकलं. दूध लवकर सोडलं म्हणून असेल का. मावशी, तुम्ही सांगायचं नाही का हो?"

मावशींनी एका हाताने खांद्यावरची शाल ओढून काढली आणि पुढे केली.

"ही घ्या. आज ही घेऊनच निजवा. नंतर स्वतः पांघरून झोपा, धुवू मात्र नका. तीन-चार दिवसांत तिला तुमचा वास लागेल. माझा जाईल."

आईने शाल घेतली. आभार मानले नाहीत, आणि मावशींनाही ते नको होते. शाल खांद्यावर टाकून तिने लेकीला घेतलं. बबडीने मान वळवून मावशींकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा गोंधळला.

"आधी पंखा," मावशी म्हणाल्या.

"माहितीये," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रडणं सुरू झालंच, पण त्यात मघाची धार नव्हती. पंखा झोपला. खिडकी झोपली. आईचा आवाज घोगरा येत होता, सूर तर कुठल्या कुठे. बूट झोपले. अस्वलाजवळ ती अडखळली, पुन्हा बुटांवर गेली, पुन्हा अस्वलावर आली. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. खांदा गार पडला होता.

"माची," आतून हाक आली. बबडी मावशींना माची म्हणायची.

"ओ" ओठांपर्यंत आला होता. मावशींनी दातांखाली ओठ धरला. आत थोपटण्याचा आवाज येत होता, जरा घाईचा. मग तो सावकाश झाला.

"माची," पुन्हा. ही हाक आधीपेक्षा लहान होती, अर्धी जांभईत गेलेली.

झोप गं बाळा, त्या मनात म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. पोरीने आईच्या कुशीत झोपावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तरी त्या कान देऊन तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिल्या.

ती आली नाही. आणखी पाच मिनिटं थांबून मावशींनी चपला हातात घेतल्या आणि बाहेर जाऊन, जिन्यावर, पायात घातल्या.