घर गेलं, चौकट राहिली

मी एक जुनी चौकट आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्या दाराला जी दोन बोटं रुंदीची पट्टी ठोकलेली असते, तिला मी चौकट म्हणत नाही. मी बर्मी सागाची, जहाजातून आलेली. माझ्या माथ्यावर गजलक्ष्मी आहे. ती कोरताना सुतारानं मासे खाणं सोडलं होतं, आणि त्याच्या बायकोनं त्याच्याशी बोलणं, कारण घरात तिलाही मासे मिळेनात.

तमिळनाडूत, कारैकुडीजवळच्या एका चेट्टियार सावकाराच्या घराच्या तोंडावर मी उभी होते. जो आला तो मान लववून आला. कलेक्टरही आणि जावईही. एकदा मोठे सिनेमावाले आले. "काय चौकट आहे!" म्हणाले, आणि दिवे टांगायला माझ्याच अंगात खिळे ठोकले. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

पुढे भावकी पांगली. कोणी सिंगापूरला, कोणी चेन्नईला. गळकं छप्पर कोणी शाकारायचं यावर त्यांचं कधी जमलं नाही; घर पाडायचं यावर मात्र एका बैठकीत जमलं. शहाणी माणसं! मला गाडीत घालून सिकंदरभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानी आणलं आणि मागच्या अंगणात दोन दगडी खांबांना बांधून उभं केलं. माझ्या पुढंही गवत, मागंही गवत. भाई गिऱ्हाइकाला माझी लक्ष्मी दाखवतात, आणि गिऱ्हाईक विचारतं, कापून टेबल होईल का?

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिथं तिघं आली. तेनमोळी ही मदुरैच्या कॉलेजात सिनेमा शिकणारी पोर. इनियन तिचा कॅमेरावाला. खांद्यावर कॅमेरा, आणि तोंडावर जगाला अक्कल वाटायला निघाल्याचा भाव. तिसऱ्या आजीबाई, अलमेलू आच्ची. ही पोरं यांच्या खाणावळीत जेवतात, म्हणून परीक्षेच्या सिनेमात मेलेली म्हातारी यांनाच केलेलं. म्हातारीला घराच्या दारातून शेवटचं बाहेर नेतात, एवढाच देखावा राहिला होता, आणि त्याला घर मिळत नव्हतं. कॅमेरा कॉलेजचा. सकाळी परत द्यायचा, आणि सिनेमा अर्धा राहिला तर पोरीचं वर्ष बुडणार.

माझ्या उंबऱ्याशी बसून त्यांनी भाईंना सगळी रडकथा सांगितली. पहिल्या वाड्याच्या रखवालदारानं मोठ्या सिनेमाचा भाव सांगितला. दुसऱ्या घराला वाटेकरी इतके, की एकानं हो म्हटलं आणि दुसरा सिंगापुरात रुसला: मला आधी का नाही विचारलं? तिसरं घर एका मास्तरीणबाईंचं. त्यांनी फुकट देऊ केलं, वर कॉफीही दिली. तेव्हा हे इनियन महाशय म्हणाले, "जास्त काही नाही, तासभर प्रेत ठेवू."

"बाईंनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला हो," आच्ची म्हणाल्या. "अर्धी कॉफी होती अजून."

"मी खरं तेच बोललो," इनियन फुरंगटला.

"खरं बोललास रे राजा. पण कॉफी संपवून बोलायचं!"

कसली ही विद्या! दिवा कुठं ठेवावा ते शिकवतात, जीभ कुठं ठेवावी ते नाही.

तेनमोळीनं माझ्याकडं पाहिलं. "भाई, ही चौकट तासभर द्याल? मागं फक्त काळं कापड लावू. घर आतमध्ये आहे असंच वाटेल."

"घ्या की. लग्नाचा देखावा ना?"

इनियन काही बोलणार तोच आच्चींनी त्याच्या पायावर पाय दिला. पोरीनं मात्र सांगून टाकलं, "नाही भाई. मयताचा." तेवढं मला आवडलं. तेवढंच.

भाई मागं सरकले. "नको ग बाई. हिच्यातून तिरडी गेली असं कळलं तर कोण लावेल हिला घराला? अशुभ शिरतं म्हणतात घरात."

"कुठल्या घरात?" आच्ची कडाडल्या. "हिच्यामागं तुमचं कोंबड्यांचं खुराडं आहे! आणि आजवर हिच्यातून काय नुसत्या वरातीच गेल्या? चेट्टियार काय मरत नव्हते, उडून जात होते?"

भाईंना हसायचं नव्हतं, तरी हसले.

"मरणार मी," आच्ची म्हणाल्या. "हरकत घ्यायची तर मी घेईन. लवकर ठरवा, माझं इडलीचं वाटायचं राहिलंय."

भाईंनी डोकं खाजवलं. "भाडं नको. पण हिला आधी तेल चोळा. सुकून चिरा पडायला लागल्यात."

मग चोळलं. इनियन तर डास चावल्यासारखा नुसता खाजवत होता. आच्चींनी फडकं हिसकावलं. "अरे, पाट्यावर वाटतोस तसा जोर लाव! कधी वाटलं असशील तर."

ऊन उतरलं तेव्हा दुकानातल्या चौघा हमालांनी तिरडी उचलली. आच्ची डोळे मिटून निपचित. त्या माझ्यातून बाहेर जाताना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी एका हमालानं डोक्याचा पंचा काढला. इतक्या मयतांना मी वाट दिली. त्या दिवशीही तशीच दिली, मागं खुराडं असलं म्हणून काय झालं?

"झालं!" तेनमोळी ओरडली आणि मटकन गवतात बसली. रडली बहुतेक.

आच्ची तिरडीवर उठून बसल्या. "पदर सरकला नव्हता ना? चला, माझ्या इडल्या." त्यांची पिशवी माझ्या मागं, काळ्या कापडापाशी राहिली होती. दोन्ही बाजूंना गवत मोकळं होतं, कुठूनही गेल्या असत्या. त्या माझ्यातूनच आत आल्या, मान लववून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगत नाही. तुमच्या हातून व्हायचं नाही ते. एवढंच करा: कुणाच्या दारी मागायला गेलात तर कशासाठी ते आधी सांगा, आणि निघण्यापूर्वी त्या दाराला तेलाचा हात लावा. आणि उंबरा ओलांडा, त्यावर पाय देऊ नका. मागं घर असो वा नसो.