न दुखणारा गुडघा

थोरल्या सुनेचा गुडघा ठणठणीत होता. उकिडवं बसा, जिने चढा, काही म्हणजे काही दुखत नव्हतं. पण गेल्या वर्षी दीपगृहापर्यंतची लांबची सायकलफेरी तिनं अर्ध्यावर सोडली, मागून येणाऱ्या टेम्पोत सायकल टाकून घरी आली, आणि दारातच सासऱ्यांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून गुडघा निघून गेला. खरं दुखणं सीटवर टेकणाऱ्या जागेचं होतं. ते सासऱ्यांना कसं सांगणार?

गंमत अशी की बाई दातांची डॉक्टर. खुर्चीतल्या माणसांना दिवसभर दटावायची, नेमकं कुठं दुखतंय ते बोट ठेवून दाखवा, अंदाजपंचे नको. इथं बोट ठेवायची सोयच नव्हती.

एकदा गुडघा म्हटल्यावर सगळं घर त्या गुडघ्याच्या मागे हात धुऊन लागलं. नवऱ्यानं गुडघ्याला चढवायचा पट्टा आणला. सासऱ्यांनी आपली तेलाची बाटली पुढं केली. सासूबाईंच्या गुडघ्याला ते हेच तेल रोज स्वतःच्या हातानं चोळत, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. सून निमूटपणे पट्टा चढवायची, तेल लावायची, आणि आठवण राहिली तर जरा लंगडायचीसुद्धा. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या. नशीब की कुणाच्या लक्षात आलं नाही.

खरी पंचाईत केली ती दिरानं. घराखालीच त्याचं सायकलींचं दुकान होतं. गुडघ्यावर ताण नको म्हणून त्यानं वहिनीची सीट वर चढवली. तरी तिचं तोंड वाकडंच दिसलं, म्हणून आणखी चढवली. आता पायडलपर्यंत पाय पुरवायला तिला सीटवर इकडून तिकडे घासावं लागे. तिनं गुपचूप एक मऊ, फुगीर कव्हर घालून पाहिलं, तर त्यात ती आणखीच रुतली. दीर बिचारा जीव लावून करत होता, त्यामुळे बोलायचीही चोरी.

यंदाची फेरी रविवारी होती. ते दीपगृह तिला या खेपेला गाठायचंच होतं. दवाखान्याच्या भिंतीवर तिनं त्याचा फोटो लावला होता, आणि तिथं जाऊन आलात का असं प्रत्येक पेशंट तोंडात कापूस असतानाही विचारायचा. शुक्रवारी संध्याकाळी सरावाहून आली ती खुर्चीकडे बघायला तयार नव्हती. जेवायलाही उभीच राहिली. दीर घास गिळून म्हणाला की गुडघ्यानं फारच धरलेलं दिसतंय, उद्या सीट अजून बोटभर चढवतो.

मग मात्र तिचा धीर सुटला.

"भाऊजी, गुडघा नाही दुखत माझा. कधीच दुखला नव्हता. सीट रुततेय. बसते तिथं. सोलवटून निघालंय सगळं."

नवरा पाण्याच्या ग्लासात बघू लागला. सासऱ्यांना एकदम भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्याची शंका आली. दीर मात्र चक्क खूश झाला.

"मग तसं सांगायचं ना, वहिनी. बायकांसाठी वेगळी सीट येते. मागे रुंद, मधोमध खाच. दुकानात कधीची धूळ खात पडलीय. कुणी मागतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायकांचे गुडघेच दुखतात."

तिला हसावं की रडावं कळेना. वर्षभर ती ज्याच्यासाठी तळमळत होती ते एक मजला खाली फळीवर पडलं होतं. हसूच आलं, आणि हसताना पहिल्यांदाच तिला रविवारची भीती वाटली नाही.

दीर सीट आणायला उठला तेव्हा सासूबाई पातेल्यात डाव फिरवत होत्या. त्या वरही न बघता म्हणाल्या, "दोन आण."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सासूबाई पूर्वी ऑफिसला सायकलनं जायच्या आणि गुडघ्यापायी त्यांची सायकल सुटली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"बघताय काय? माझाही गुडघाच होता."

सासऱ्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. "मग मी इतकी वर्षं तेल चोळतोय ते?"

"ते चालू द्या," सासूबाई म्हणाल्या. "बरं वाटतं."