पुसलेल्या नावाचं गाव

आम्हा कार्बी लोकांची एक खोड आहे. गावाला ओढ्याचं नाव द्यावं, डोंगराचं द्यावं, ते नाही. आम्ही गावबुढ्याचं, म्हणजे गावच्या मुखियाचं, नाव देतो. तो मेला, नवा बसला, की गावाचं नाव बदललं. आम्हाला यात कधी अडचण वाटली नाही, कारण आपलं गाव कुठं आहे हे आम्हाला ठाऊक असतं. अडचण होते ती कागदाची.

मेनसिंग तेरांगची अडचण झाली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सकाळच्या चहाच्या वेळी. तो बांबूच्या ओट्यावर बसला होता. समोर वाटेवर त्याच्याच नावाची पाटी होती: मेनसिंग तेरांग गाव. पाटीला दरवर्षी नवा रंग तो स्वतः देई, आणि रंग वाळेपर्यंत तिथून हलत नसे. सेर्दिहुन इंग्तीपी, गावच्या शाळेतली मास्तरीण, धापा टाकत चढ चढून आली आणि तिनं त्याच्या मांडीवर छापील यादी टाकली.

"काका, मतदारसंघांच्या नव्या हद्दींची कच्ची यादी आलीय. आपलं गाव पहाडाच्या मतदारसंघात नाही."

"मग कुठं आहे?"

"खाली. मैदानाच्या मतदारसंघात."

मेनसिंग हसला. "छपाईत चूक झाली असेल."

"चूक तुमची आहे," मास्तरीण म्हणाली. तिला आडपडदा माहीत नव्हता. "पहाडाच्या जुन्या यादीत या जागेवर लुनसे तिमुंग गाव आहे. ते नाव आपण सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. मैदानाच्या यादीत मात्र मेनसिंग तेरांग गाव आहे, नवी वस्ती म्हणून. तिथं ते कुणी घातलं?"

मेनसिंगनं चहाचा पेला खाली ठेवला. रेशनकार्डांसाठी तोच गेला होता खालच्या कचेरीत. पहाडाची कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर, खालची दोन तासांवर. कारकुनानं विचारलं, गावाचं नाव? यानं छाती फुगवून स्वतःचं नाव सांगितलं, आणि ते सरकारी वहीत उतरताना डोळे भरून पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आता याचा अर्थ काय?"

"अर्थ असा, की आपलं राज्य वेगळं मागताना आपण म्हणतो, पहाडाच्या मतदारसंघातली सगळी गावं आमची. उद्या राज्य झालं तर त्याच हद्दीनं होणार. आपण हद्दीबाहेर. साठ घरं, आणि जिथं आपली माणसं जाळली ती जागासुद्धा." तिनं आवाज खाली आणला. "जोयसिंगकाकांची जागासुद्धा."

हे नाव त्या ओट्यावर सहसा कुणी काढत नसे. जोयसिंग मेनसिंगचा धाकटा भाऊ. राज्याच्या मागणीचं आंदोलन पेटलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रस्ते अडवले, झेंडे लावले, मग शिपाई शोधायला लागले तेव्हा डोंगरउतार जाळून केलेल्या झूम शेतातल्या खोपीत लपला. चौथ्या दिवशी शिपाई सरळ खोपीपाशीच आले. वाट दाखवली होती लुनसे तिमुंगनं, त्या वेळच्या गावबुढ्यानं. खोपी जळाली, पोरगा आत होता. गावानं लुनसेला हाकललं आणि त्याचं नाव पाटीवरून खरवडून काढलं. आमच्यात गावबुढा जिवंत असताना नाव पुसलं जात नाही. ते तेव्हा एकदाच घडलं.

"शुक्रवारी सुनावणी आहे," मास्तरीण म्हणाली. "हे गाव आणि लुनसे तिमुंग गाव एकच, हे सांगणारा माणूस पाहिजे. लुनसेकडं गावबुढेपणाची सरकारी सनद आहे."

"म्हातारा जिवंत आहे?"

"खालच्या बाजारामागं लेकीकडं राहतो. आणि काका, हात हलवत जाऊ नका. होर घेऊन जा."

होर म्हणजे आमची तांदळाची दारू. काही मागायला जायचं तर भोपळ्यात भरून न्यायची आणि समोरच्याच्या पायाशी ठेवायची, ही रीत. मेनसिंगनं भोपळा भरला तेव्हा त्याची आई, कारेंग तिमुंगपी, मागावर बसली होती. कंबरेला पट्टा, पुढ्यात काळा-पांढरा कपडा. तिनं भोपळ्याकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं आणि पुन्हा धोटा फेकला. कारेंगही तिमुंगच, म्हणजे लुनसे तिच्या कुळातला, तिचा थोरला भाऊ लागणारा. मेनसिंगचा मामा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सत्तावीस वर्षांत तिनं त्याला दादा म्हटलं नव्हतं, शिवीही दिली नव्हती.

लुनसे अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. पावलं ऐकून त्यानं मान वर केली. "कोण?"

"मेनसिंग."

लेक घरातून बाहेर आली, म्हाताऱ्याच्या पुढ्यातला कोयता तिनं उचलला आणि आत नेऊन ठेवला. 

"मी अजून आहे का ते बघायला आलास?"

"काम आहे."

"काम नसतं तर कशाला आला असतास! बस."

मेनसिंग बसला. भोपळा चटईवर ठेवायचा होता, पण हात भोपळ्याला चिकटल्यासारखा झाला. या माणसाच्या पायाशी आपण होर ठेवायची! अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे ठीक. पण गाढवानं हरीचा भाऊ मारलेला नसतो. त्यानं दात आवळले, भोपळा ठेवला, आणि तोंडातून शब्द काढला, "मामा."

म्हाताऱ्यानं भोपळा चाचपला. बराच वेळ चाचपत राहिला. मेनसिंगनं सगळं सांगितलं तेव्हाही त्याची बोटं भोपळ्यावरच होती.

"सनद आहे," तो म्हणाला. "गावबुढ्याचा लाल कोटही होता. कोट झुरळांनी खाल्ला. सरकारी कागदाला झुरळं तोंड लावत नाहीत, म्हणून सनद राहिली. येतो मी. पण एक मागणं आहे."

"पैसे?"

"पैसे घेऊन आता काय सुपाऱ्या विकत घेऊ? मेलो की मला गावात जाळायचं. माझं चोमकान गावात करायचं. आणि चारहे तुझ्या आईनं गायचं."

मेनसिंग ताडकन उठला. चोमकान म्हणजे मेलेल्याला पूर्वजांच्या गावी पोचवायचे चार दिवस, आणि चारहे म्हणजे त्याला वाट दाखवणारं रडगाणं. त्याशिवाय जीव भटकत राहतो. सात गावांत ते गाणारी आता एकच उरली होती, कारेंग. जोयसिंगचं चारहेही तिनंच गायलं होतं, पोटच्या पोराचं, आवाज फुटेपर्यंत.

"लाज नाही वाटत मागायला?"

"वाटते ना. म्हणून इतकी वर्षं मागितलं नव्हतं."

"आईला विचारतो."

"विचारशील तर ती नाही म्हणेल, आणि तुझं गाव जाईल. तू हो म्हण."

बाजारातून गाडीचे भोंगे ऐकू येत होते. मेनसिंगला स्वतःची किळस आली. साठ घरांसाठी आपण आईला गहाण ठेवतोय, हे त्याला स्वच्छ कळत होतं. "हो," तो म्हणाला, आणि मागं न बघता निघाला.

शुक्रवारी खालच्या शहरातल्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाला पाच मिनिटं. गावातून एक गाडी भरून माणसं आली होती, आणि सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसली होती कारेंग. "तू कशाला आई?" म्हटल्यावर म्हणाली, "माझं गाव नाही का ते?" वचनाचं तिला सांगायचं मेनसिंगनं वाटेत तीनदा ठरवलं आणि तीनदा तोंड मिटलं.

लुनसेला लेकीनं धरून आणलं. तो दारातून आत आला तशी गावची माणसं बाकावरून सरकली. जागा द्यायला नव्हे, अंग लागू नये म्हणून. एकजण मागून बोललाच, "आज कुणाला दाखवायला आलाय?" म्हाताऱ्यानं ऐकलं. कान शाबूत होते.

नाव पुकारलं गेलं. मेनसिंगनं सुनावणीच्या साहेबांपुढं अर्ज वाचला, सनद पुढं केली. खालच्या बाजूचा वकील उठला. गुळगुळीत माणूस, प्रत्येक वाक्याआधी साहेबांना हात जोडणारा.

"साहेब, ही दोन वेगळी गावं आहेत. लुनसे तिमुंग गाव हद्दीच्या ओढ्याच्या वर होतं, ते उठलं. मेनसिंग तेरांग गाव ओढ्याच्या खाली, नवी वस्ती. यांच्याच रिवाजाप्रमाणे नाव बदलतं गावबुढा मेल्यावर. हे लुनसे तिमुंग तर समोर उभे आहेत, हातपाय धड! मग गाव एकच असेल तर नाव का बदललं?"

साहेबांनी चष्मा काढला. "प्रश्न बरोबर आहे. का बदललं?"

मेनसिंगनं हातातला अर्ज उलटसुलट केला. खरं सांगावं तर मागच्या बाकावर आई. खोटं सांगावं तर काय सांगावं? घड्याळाचा काटा सरकत होता, पाचांतली तीन मिनिटं गेली होती. कारकुनाची बोटं यंत्रावर तयार होती.

"मी सांगतो," लुनसे म्हणाला. लेकीचा हात सोडून तो उभा राहिला. "मी गावच्या एका पोराची लपायची जागा शिपायांना दाखवली. माझा भाचा. माझा पोरगा त्यांनी धरून ठेवला होता, एकाच्या बदल्यात एक म्हणाले. मी दिला. मग माझा पोरगाही त्यांनी सोडला नाही. गावानं माझं नाव पुसलं. बरोबर केलं."

 लुनसेचा पोरगा परागंदा झाला असंच गाव समजत होतं. मेनसिंगनं मागं पाहिलं नाही, त्याची छाती झाली नाही.

साहेब कारकुनाकडं वळले. "लिहा. नावात बदल, प्रशासकीय कारणास्तव." यंत्र टकटकलं. "पण जागेचा प्रश्न राहतोच. ओढ्याच्या वर की खाली? नकाशावर दाखवा."

टेबलावर नकाशा पसरला. लुनसे त्याच्यावर वाकला. "ती खोपी... गावाच्या कडेलाच होती. ही बघा." बोट निळ्या रेघेवर फिरलं आणि टेकलं. वकिलानं डोकावून पाहिलं आणि त्याचे दात दिसले.

"ओढ्याच्या खाली, साहेब! यांनीच दाखवलं."

मेनसिंग पुढं सरसावला. आंधळा म्हातारा! एका बोटानं भाऊ नेला, आता एका बोटानं गाव. तो काही बोलणार तोच मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. कारेंग चालत पुढं आली. कचेरीचा शिपाई आडवा आला, ती त्याच्या बगलेखालून गेली.

"ओढा कुठला यातला?" तिनं साहेबांना विचारलं.

साहेबांनी निळी रेघ दाखवली.

"पाणी कुठून येतं?"

"वरून. इकडून."

तिनं लुनसेचा हात मनगटाशी धरला. धुण्याचं फडकं धरावं तसा. त्याचं बोट रेघेवर ठेवलं आणि सरकवत नेलं. "हे पहिलं वळण. इथं आम्ही कपडे धुतो. हे दुसरं. इथं दगड आहे. तिसऱ्या वळणाला ओढा ओलांडायचा नाही. वर चढायचं. इथं." तिनं ते बोट कागदावर दाबलं. "इथं माझा जोयसिंग जळाला. सत्तावीस वर्षं मी रोज तिथून पाणी आणते. माझं घर तिथून हाकेवर आहे. मला कोण सांगणार वर की खाली?"

"तिसरं वळण. हीच जागा," लुनसे म्हणाला. वकिलानं तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. जुना नकाशा काढून त्यांनी नव्याशेजारी ठेवला. लुनसे तिमुंग गाव अशी बारीक अक्षरं तिथंच होती, बोटाखाली.

"एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं एकच जागा दाखवताहेत," साहेब म्हणाले. "आणखी काय पाहिजे? मात्र यादीत नाव जुनंच राहील. मेनसिंग तेरांग गाव नावाचं गाव अस्तित्वात नाही, असं गावबुढ्यांनी लिहून द्यावं."

मेनसिंगनं लिहून दिलं. खाली सही केली.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली लुनसे उभा होता. कारेंग त्याच्या अंगावरून पुढं गेली तेव्हा तो म्हणाला, "कारेंग, तुझ्या लेकानं मला शब्द दिलाय."

मेनसिंगनं खाली मान घालून सगळं सांगितलं. आई आता थोबाडीत मारेल तर बरं, असं त्याला वाटत होतं. तिनं मारलं नाही.

"चारहेत मेलेल्याचं सगळं गावं लागतं," ती लुनसेला म्हणाली. "खाल्लं काय, पेरलं काय, केलं काय. मी काही गाळत नाही."

"गाळू नकोस," म्हातारा म्हणाला. "म्हणूनच तर तुला मागितलं."

पक्की यादी पावसाळ्यानंतर आली. पहाडाच्या मतदारसंघात, एकशे बारा क्रमांकाला: लुनसे तिमुंग गाव. मेनसिंगनं पाटी उतरवली, आपलं नाव खरवडलं आणि त्याच ब्रशनं ते दुसरं नाव लिहिलं. रंग वाळेपर्यंत थांबला मात्र नाही. राज्य अजून झालेलं नाही. मागणं चालू आहे.

लुनसे माघात गेला. त्याला ओढ्याच्या वर जाळलं. गावातली अर्धी माणसं आली, अर्धी दारं लावून बसली. चोमकानच्या शेवटच्या सकाळी कारेंग राखेशी बसली आणि तिनं म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य गायलं, त्याचं लग्न, त्याची भाताची शेतं, त्याचा धरून नेलेला पोरगा. मग गाण्यात ती खोपीपाशी आली आणि थांबली. इतका वेळ थांबली, की दारं लावून बसलेलेही ओट्यावर आले. मेनसिंगचे डोळे वाहत होते, आणि ते कुणासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

मग तिचा आवाज लागला.

"जा दादा, वाट सरळ आहे. तिसऱ्या वळणावर माझा जोयसिंग बसलेला असेल. त्याला सांग, गाव डोंगरातच राहिलं. सांगताना मान खाली ठेव. आणि तो उठून पुढं चालू लागला, तर त्याच्या मागून जा. यावेळी वाट त्याला दाखवू दे."