एका वाटीला किती पाणी

माझ्या धाकट्या भावाची बायको मेघा या घरात येऊन अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत मी तिच्याशी एक शब्दही सरळ बोललो नव्हतो. भांडण नव्हतं. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलू नये अशी आमच्याकडे रीत आहे, आणि मी रीत पाळणारा माणूस. तिला काही सांगायचं असलं की मी आईकडे तोंड करून सांगे. तिला उत्तर द्यायचं असलं की तीही आईकडेच तोंड करे. मधे आमची आई, गोदावरीबाई, सुपात तांदूळ निवडत बसलेली असे. दोघांचं बोलणं दोघांनाही ऐकू गेलेलं असे, त्यामुळे तिला निरोप पोचवायचे कष्ट कधी पडले नाहीत.

मी सानगडीचा पुंडलिक. धान, ट्रॅक्टर, तलावाच्या पाण्याची पाळी आणि घरातले निर्णय ही माझी खाती. तोंड जरा फटकळ आहे, असं माझी बायको निर्मला म्हणते. ती बावीस वर्षं म्हणते आहे, तेव्हा खरं असेल.

तीन वर्षांपूर्वी मेघानं मोबाईलवरच्या बाजारात दुकान उघडलं, चिन्नोर तांदळाचं. मी आईला म्हणालो, "माय, पुन्याची बाई सानगडीहून तांदूळ कायले मागवन? तिच्या गल्लीत दुकान नाई का?" मेघानं पांढऱ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, त्यावर 'गोदावरी चिन्नोर' असं छापून घेतलं, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी पुण्याच्या त्या बाईनं खरंच तांदूळ मागवला. मग नाशिकच्या, मग ठाण्याच्या. रोज दुपारी साकोलीहून पार्सलवाल्याची गाडी ओट्याला लागू लागली. तीस-तीस पार्सलं. मी तोंड बंद केलं, जे माझ्या बाबतीत सोपं नाही.

चिन्नोर म्हणजे नखरेल धान. पिकतो कमी, निघतो उशिरा, म्हणून गावानं तो जवळपास सोडूनच दिला होता. मेघा घरोघर गेली, आणि तिच्या शब्दावर सात घरांतल्या बायकांनी आपल्या नवऱ्यांशी वाद घालून शेताच्या बांधीत चिन्नोर लावला. तिचं दुकान चाललं तर त्यांचं धान खपणार, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच संकरित धान. एवढा शब्द त्या बाईनं अंगावर घेतला होता.

आणि जानेवारीत दुकान बसलं. तीस पार्सलांची बारा झाली, बाराची चार. एके दिवशी गाडीवाला ओट्यावर आला, एकच पार्सल पाहून म्हणाला, "ताई, एकासाठी एवढ्या लांब येनं नाई पुरत." वरून त्या बाजाराचा निरोप आला: लोकांचे स्टार फार खाली गेले आहेत, फेब्रुवारी संपेपर्यंत सरासरी तीनच्या वर आली नाही तर दुकान बंद करू.

मग घरात सल्ल्यांचा पूर आला. माझा भाऊ सूरज साकोलीच्या शाळेत मास्तर आहे. तो म्हणाला, "भाव कमी कर. सगळेच करून राहिले." मी आईला म्हणालो, "फोटो बदलाले सांग, माय. त्या फोटोत तांदळापेक्षा परातच जास्त दिसून राहिली." मेघानं भाव कमी केला नाही की फोटो बदलला नाही. तिनं डिंपलची, म्हणजे माझ्या मुलीची, जुनी वही घेतली आणि लोकांनी लिहिलेला एकूण एक वाईट शेरा त्यात हातानं उतरवून काढला. दोन दिवस ती तेच करत होती. 'भात नाही, लगदा.' 'फोटोत दाणा दाणा, कुकरमध्ये खळ.' 'भेसळ आहे, फसवणूक.' एकशे त्रेचाळीस शेरे. मला कोणी एक वाकडं बोललं तर मी आठवडाभर धुमसतो. ही बाई शिव्यांना अनुक्रमांक घालत होती.

तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "आई, दहा डिसेंबरच्या आधी एकबी वाईट शेरा नाई. सगळे त्याच्या नंतरचे."

मी समोर चहा पीत होतो. कप खाली ठेवला, कारण ती तारीख मला माहीत होती.

नऊ डिसेंबरला आमचा नवा चिन्नोर गिरणीतून भरडून आला होता. मेघानं आईला विचारलं होतं, "जुना अजून आहे ना कोठीत? आधी तो पाठवू का?" आणि मी मोठ्यानं म्हणालो होतो, "पाहुण्याले कोनी जुनं देते का, माय? नव्याचा वास पाहा म्हना. नवाच जाईन." भासरा बोलला की विषय संपला. नव्या चिन्नोरचा वास सुटला की शेजारची माणसं भिंतीवरून डोकावतात, हे खरंच आहे. आपल्या गिऱ्हाइकाला चांगलं ते जावं असं मला खरंच वाटलं होतं. पण जुन्या धानाची दोन पोती मी वैशाखातल्या डिंपलच्या लग्नासाठी राखून ठेवली होती, पंगतीत भात मोकळा व्हावा म्हणून. तेही तेवढंच खरं होतं. ते मी तेव्हा बोललो नाही.

तरी मी स्वतःची समजूत घातली. आम्हीही तेव्हापासून नवाच खात होतो, आणि आमच्या ताटात भात रोज मोकळा पडत होता. म्हणजे तांदळात दोष नाही, शहरातल्या बायकांच्या हातात आहे. हे मी आईला ऐकवलंही.

मेघा उठली. घरात एक कुकर होता, लग्नात मिळालेला, खोक्यातून कधी न निघालेला. तो तिनं काढला. आपल्याच दुकानाची पिशवी फोडली, पाठीवर छापलेलं वाचलं: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, दोन शिट्ट्या. अगदी तसं केलं, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. झाकण उघडलं तर आत खळ. भिंतीला कागद चिकटवता आला असता. ते छापील दोन वाट्या पाणी तिनंच पहिल्या वर्षी लिहिलं होतं, जुन्या तांदळासाठी, कारण तोवर जुनाच जात होता.

नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, कारण न कळणारा माणूस इथे राहतच नाही. आईचा हात आपोआप आवरतो. पण किती आवरतो? मेघानं आईला रोजच्यासारखा भात मांडायला सांगितलं. मोजून भरलेला पाण्याचा गडवा तिच्या हातात दिला, आणि आईनं पातेल्यात पाणी ओतल्यावर उरलेलं वाटीनं मोजलं. पहिल्या दिवशी कोणी पाहतंय म्हणून आईचा हात सैल सुटला. दुसऱ्या दिवशी ती चिडली. "मोजून कोनी भात रांधते का, बाप्पा! मी काय डॉक्टर आहो?" मेघा हसली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गडवा घेऊन बसली. सात दिवस. मग त्याच मापानं कुकरमध्ये करून पाहिलं. एका वाटीला सव्वा वाटी. साठ वर्षं आमच्या आईच्या मनगटात असलेली गोष्ट तिनं काढून वाटीत ठेवली. मला बोलता आलं असतं तर मी तिथेच शाबास म्हणालो असतो.

त्या संध्याकाळी डिंपल ओट्यावर बसून मोबाईलवर मोठ्यानं वाचत होती. मेघानं प्रत्येक वाईट शेऱ्याखाली उत्तर लिहिलं होतं. "चूक माझी आहे. डिसेंबरपासून तुम्हाला गेला तो यंदाचा नवा तांदूळ होता आणि पिशवीवर पाणी जुन्याचं छापलेलं राहिलं. तुमचं एक जेवण बिघडलं. अर्धा किलो जुना चिन्नोर पाठवते आहे, पैसे नकोत. नवा उरला असेल तर फेकू नका. एका वाटीला सव्वा वाटी पाणी घाला आणि कसा झाला ते कळवा. मेघा, सानगडी."

एकशे त्रेचाळीस वेळा 'चूक माझी'. माझं नाव कुठेच नव्हतं. मी आतल्या खोलीत खाटेवर बसून ऐकत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. दुसरा शब्द नाही त्याला.

"काकू, पन जुना कुठून आनशीन?" डिंपलनं विचारलं.

"साकोलीच्या बाजारात पाहतो," मेघा म्हणाली. "भेटन कोनाकडे तरी."

कोठीत दोन पोती आहेत हे तिला माहीत होतं. रोज त्या कोठीवरून तिचा हात फिरतो. तिनं मागितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठी उघडली. निर्मला दारात उभी राहिली. "हे लग्नाचं नोहे का?"

"होय."

"मंग?"

"मंग काय? ट्रॅक्टरवर टाकाले हात लाव."

तिनं हात लावला, आणि वर म्हणाली, "उशिरा का होईना." मी गिरणीतून तांदूळ काढून आणला आणि पोतं ओट्यावर मेघापासून दोन हातांवर टेकवलं. ती पिशव्या शिवत होती. आई मधे सूप घेऊन बसली होती. मी आईकडे तोंड केलं.

"माय, तिले सांग, चूक माही होती. मीच म्हनलो होतो नवा पाठव म्हनून. अन् वासासाठी म्हनलो, ते अर्धंच खरं होतं. जुना मले लग्नाले पायजे होता."

आईनं सूप खाली ठेवलं. मेघाची सुई थांबली. तिनंही आईकडेच पाहिलं.

"आई, भाऊजींले सांगा, मले माहीत होतं."

"मंग लिहिलं काहून नाई, विचार तिले."

"दुकान माह्या नावानं आहे म्हना. पिशवीवर छापलेलंबी माहंच होतं. मी नाई वाचलं पुन्हा."

आई दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. "मी आहो का इथं, का उठून जाऊ?" ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

त्या आठवड्यात गाडीवाला तीनदा आला आणि तीनदा गाडी भरून गेला. सगळी फुकटची पार्सलं. सूरजनं कपाळाला हात लावला. मी त्याला म्हणालो, तू मुलांचे पेपर तपास. मेघानं पिशवीची पाठ नव्यानं छापून घेतली: कोणत्या वर्षाचं धान, नवा असेल तर पाणी किती, जुना असेल तर किती. मग वाट पाहणं आलं. सात घरांच्या बायका एकेक करून चहाच्या निमित्तानं येत आणि बियाण्याचं काय करायचं हे न विचारता जात. मेघा त्यांना म्हणे, "बियानं विकू नका. महिना संपू द्या."

खळ म्हणणारी बाई नाशिकची होती. तिनं लिहिलं, "सव्वा वाटीनं केला. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला." आणि एका स्टारचे पाच केले. डिंपलनं ते मला चार वेळा वाचून दाखवलं, पैकी तीन वेळा मीच सांगितलं म्हणून. सगळे काही परतले नाहीत. काहींनी फुकटचा तांदूळ घेतला आणि एक स्टारही तसाच ठेवला, अशी माणसं सगळीकडे असतात. पण फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी आकडा तीनच्या थोडा वर होता आणि दुकान उघडं होतं. मार्चमध्ये पार्सलं अकरा झाली, मग एकोणीस. तीस अजून झालेली नाहीत. सातही घरांनी बियाणं राखून ठेवलं आहे.

वैशाखात डिंपलचं लग्न झालं. मांडव दारातच होता. जुना तांदूळ उरला नव्हता, तेव्हा पंगतीला नवा चिन्नोर. गावचा स्वयंपाकी परसराम चुलीवर भाताचं मोठं पातेलं, गंज, चढवून, हातात पाण्याची बादली घेऊन उभा राहिला. पाचशे माणसांचा भात होता, आणि वरपक्षाची म्हातारी माणसं समोरच्या खुर्च्यांवर येऊन बसली होती.

"पुंडलिकभाऊ, पानी किती टाकू?" त्यानं विचारलं. आमच्या घरच्या कार्यात हा प्रश्न नेहमी मलाच येतो, आणि मी छातीठोक उत्तर देतो.

मी आजूबाजूला पाहिलं. आई लांब, व्याह्यांच्या बायकांत बसली होती. मधे कोणी नव्हतं. मेघा मांडवाच्या त्या टोकाला हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती.

"मेघा!" मी हाक मारली. "इकडे ये. याले पानी किती ते सांग."

मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. निर्मलाचं तोंड उघडंच राहिलं. मेघानं ताट खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, सगळ्यांसमोरून चालत गंजापाशी आली. तिनं तांदळाची मूठ उचलून पाहिली, परसरामच्या हातातली बादली घेतली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली.

"एका डब्याले सव्वा डबा, भाऊजी. अन् या खेपेले मधात बोलू नका."

मी बोललो नाही.